विमानाचं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

लंडन ते न्यूयॉर्क अंतर एके ठिकाणी ५,५७० दिसतं, दुसरीकडे ३,४६१, तिसरीकडे ३,००८. तिन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला किलोमीटरचा, दुसरा मैलांचा आणि तिसरा सागरी मैलांचा (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). विमानवाहतुकीत सागरी मैल चालतात, त्यामुळे आकडा उचलण्याआधी एकक बघा.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारं विमान ग्रीनलंडच्या बाजूने जाताना दिसलं की उगाच वळसा घेतंय असं वाटतं. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, जवळची वाट तिथूनच जाते.

सगळ्यात महागात पडते ती अंतराला वेगाने भागण्याची चूक. ५,५७० ला ताशी ९०० ने भागलं की सव्वासहा तासांच्या आतलं उत्तर येतं, पण वेळापत्रकात लंडन-न्यूयॉर्कला साधारण आठ तास असतात आणि परतीला सात. वेळापत्रकातली वेळ गेट सुटल्यापासून गेट लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, वर चढणं, उतरण्यासाठी हवेत थांबणं, सगळं त्यात येतं. जाण्या-येण्यातला फरक मात्र वाऱ्याचा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह एका दिशेला ढकलतो, दुसऱ्या दिशेला अडवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं. म्हणून जाण्याची वेळ परतीला तशीच्या तशी लावू नका.

जुने आकडेही फसवतात. हेलसिंकी-टोकियो प्रवास पूर्वी साधारण साडेनऊ तासांचा होता. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर तो तेराच्या आसपास गेला. शहरं जागच्या जागीच आहेत, वाट बदलली.

आता घड्याळ. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात, त्यांची थेट वजाबाकी करू नका. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोहोचलात, तर प्रवास तीन तासांचा नाही, आठ तासांचा आहे, कारण न्यूयॉर्कचं घड्याळ पाच तास मागे असतं. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी ११ ला उतरू शकतं, म्हणजे निघण्याच्या 'आधी'. दोन्ही वेळा आधी यूटीसीत (जगभरासाठी एकच असलेल्या प्रमाणवेळेत) आणा, मग वजा करा. एक बारीक खाच इथे आहे. उन्हाळ्यासाठी अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. प्रवासाच्या तारखेचा फरक बघा, आजचा नाही.

स्वतः अक्षांश-रेखांश टाकून अंतर काढताय आणि उत्तर भलतंच येतंय? पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह तपासा. न्यूयॉर्कच्या उणे ७४ मधलं चिन्ह गळलं की बिंदू थेट किर्गिझस्तानात पडतो. तरीही जमलं नाही, तर अंतराच्या सूत्रात अंश रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) बदललेत का ते बघा. आणि 'लंडन' निवडताना देशही वाचा, कॅनडातही एक लंडन आहे.