टीम हरली आणि दुसऱ्या दिवशी पालखीचं कव्हरेज असलं तर काय करायचं

५ जुलै २०२४ ची रात्र. युरो म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेची क्वार्टर फायनल, माझी टीम जर्मनी विरुद्ध स्पेन, आपल्याकडं साडेनऊला सुरू झाली. स्पेनच्या ओल्मोनं ५१ व्या मिनिटाला गोल मारला आणि माझं जेवण ताटातच राहिलं, ८९ व्या मिनिटाला आपल्या विर्ट्झनं बरोबरी केली तेव्हा मी असा ओरडलो की खालचे काका जागे झाले, आणि मग एक्स्ट्रा टाइममध्ये ११९ व्या मिनिटाला स्पेनच्या मेरिनोचं हेडर, गोल. संपलं. जर्मनीच्या क्रूसची ती करिअरमधली शेवटची मॅच. आणि दुसऱ्या दिवशी माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या सातारा जिल्ह्यात येणार, म्हणजे लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा आख्खा आठवडा कॅमेरा खांद्यावर.

तर पहिलं काम, बॅग मॅचच्या आधी भरा. हरल्यावर हात चालत नाय, खरं सांगतो. बॅटऱ्या चार्ज, कार्ड रिकामं, पावर बँक, पास, आणि कॅमेऱ्यासाठी दोन जाड प्लास्टिक पिशव्या, पाऊस सांगून येत नाय.

मॅच संपल्यावर सगळे ग्रुप म्यूट करा. आपल्याच टीमवाल्या एकाच मित्राला फोन लावा, वीस मिनिटं काय बोलायचं ते बोला, रडू आलं तर येऊ द्या, आणि झोपा. नीरा स्नान दुपारी असतं त्यामुळं सातपर्यंत झोपलं तरी चालतं. पण वाठारमार्गे लोणंदला गाडी स्वतः चालवू नका, कुणाच्यातरी मागं बसा, झोप झालेली नसते आणि डोक्यात ती हँडबॉल फिरत असते. (स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला बॉल लागला तेव्हा पेनल्टी द्यायला पाहिजे होती हे युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, सप्टेंबरमध्ये मान्य केलं, पण तोवर सगळं होऊन गेलेलं.)

नीरेच्या पुलाजवळ नेटवर्क बसतं. एवढ्या गर्दीत मोठी फाइल जातच नाय, म्हणून वीस-पंचवीस सेकंदांच्या क्लिपा घ्या, बातमी चार ओळींची करून आधी मेसेजनं पाठवा आणि व्हिडिओसाठी दोन-तीन किलोमीटर मागं या. दिंडीचा नंबर, बोलणाऱ्याचं नाव, गाव तिथल्या तिथं वहीत लिहा, रात्री अजिबात आठवत नाय.

सगळ्यात जास्त लक्ष लागतं ते लोणंद-तरडगावच्या मधल्या चांदोबाच्या लिंबाला, पहिलं उभं रिंगण तिथं असतं. रस्त्याच्या दोन बाजूला वारकरी उभे, मधून घोडे पळतात, एकावर स्वार असतो आणि दुसरा माउलींचा त्याच्यावर कुणी बसत नाय, आणि हे इतक्या पटकन होतं की फोकस शोधत बसलात तर हातात फक्त धूळ. रिटेक नाय. तासभर आधी जागा धरा, एकदाच फोकस लावून ठेवा, चोपदार रस्ता मोकळा करायला लागले की रेकॉर्ड चालू करा आणि घोडे गेल्यावरही बंद करू नका, कारण नंतर लोकं टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात ना, खरं चित्र तेच. मला त्या वेळी दोन दिवसांत पहिल्यांदा मॅच आठवली नाय.

बातमी लिहिताना मात्र जपा. रागात लिहिलं की प्रशासनावर उगाच जास्त टीका होते, मी तसा एक परिच्छेद लिहिलेला आणि सकाळी वाचून काढून टाकला. पाणी, टॉयलेट, टँकर जे स्वतः बघितलं तेवढंच लिहा.

बरडचा मुक्काम हलून पालखी धर्मपुरीला, सोलापूर जिल्ह्यात गेली की सगळं फुटेज हार्ड डिस्कवर टाका, पोटभर जेवा आणि मगच हायलाइट्स लावा. मी ११९ वं मिनिट त्याच रात्री परत बघितलं, चार वेळा.