कामूची ‘प्लेग’ वाचताना १८९७ चं पुणं शेजारी ठेवा

साथीची कादंबरी खऱ्या साथीसोबत वाचायची तर रोग पसरतो कसा, त्यावरून जोडी लावा. श्वासातून पसरणाऱ्या तापाच्या कादंबरीसोबत १९१८ चा इन्फ्लुएंझा, उंदीर-पिसवांच्या कादंबरीसोबत प्लेग. प्रत्येक कादंबरीला कोविड जोडला की तुलना फसते, कारण रोगाची वाट बदलली की उपाय बदलतात, आणि माणसं कशाला घाबरतात तेही बदलतं.

सुरुवात अल्बेर कामूच्या ‘द प्लेग’ने (१९४७) करा. तिची खरी जोडी आपल्याकडेच आहे.

वहीत चार रकाने आखा: तारीख, काय घडलं, हुकूम कोणी कोणता काढला, आणि त्या दिवशी रोगाबद्दल काय माहीत होतं. चौथा रकाना कंटाळा येऊनही भराच. तो नसला की आपण आजच्या ज्ञानाने तेव्हाच्या माणसांना मूर्ख ठरवून मोकळे होतो.

कादंबरीच्या पाच भागांपैकी पहिला, अल्जीरियातल्या ओरान शहराची दारं बंद होईपर्यंतचा, सलग वाचा आणि थांबा. डॉक्टरच्या पायाखाली पहिला मेलेला उंदीर येतो १६ एप्रिलला. इमारतीचा रखवालदार मरतो साधारण दोन आठवड्यांनी. हे अंतर नोंदवा, ते खरं आहे. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं, भुकेल्या पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात, आणि जवळ असतो माणूस.

आता मुंबई-पुणं भरा. सप्टेंबर १८९६ : मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस प्लेग ओळखतात. ४ फेब्रुवारी १८९७ : साथरोग कायदा. १० मार्च : रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू. २२ जून : पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळ्या. चौथ्या रकान्यात मात्र एवढंच येतं: जंतू १८९४ साली हाँगकाँगला सापडलेला, पिसवांचा माग पॉल-लुई सिमाँला कराचीत लागणार १८९८ मध्ये. म्हणजे पुण्यात सोल्जर घराघरांत शिरून माणसं उचलत होते, जमिनी उखणत होते, तेव्हा पिसू कोणाच्या हिशेबातच नव्हती. घर सोडून माळावर झोपडीत राहिलेले लोक वाचत, कारण उंदीर घरातच मागे राहत. उपाय बरोबर होता, पण त्यामागचं कारण कोणाला ठाऊक नव्हतं. कामूला ते ठाऊक होतं. त्याच्या पात्रांना पन्नास वर्षांचं हे ज्ञान आयतं मिळालेलं आहे.

दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला आकड्यांचा: ‘शंभर आजाऱ्यांत किती मेले’ आणि ‘शंभर रहिवाशांत किती मेले’ हे वेगळे लिहा. उपचाराविना गाठीच्या प्लेगने शंभर आजाऱ्यांत ३० ते ६० दगावतात. शहरातल्या रहिवाशांचा आकडा त्याहून पुष्कळ खाली राहतो. दुसरा, कादंबरी फक्त नाझी राजवटीचं रूपक म्हणून वाचण्याचा. रूपक आहेच, पण मग गाठी, ताप, सीरम ही पानं आपण नुसती चाळतो. आधी रोग वाचा, रूपक दुसऱ्या वाचनात.

पुण्यासाठी सरकारी अहवाल आणि ‘केसरी’चे १८९७ चे अंक दोन्ही काढा. एकच बाजू वाचलीत तर तिसरा रकाना निम्माच भरेल.

कादंबरीच्या शेवटी जंतू घरच्या सामानात, कपड्यांत वर्षानुवर्षं दडून राहतो. प्रत्यक्षात तो रानातल्या उंदरांत आणि त्यांच्या पिसवांत टिकतो. तिथे शेवटची नोंद करा: १९९४ चा प्लेग, ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातलं मामला, सप्टेंबरमध्ये सुरत.