पियानोची शिकवणी घेताना या चुका टाळा

घरी पियानोची शिकवणी सुरू करणारे शिक्षक बहुधा पुस्तके, ॲप आणि व्हिडिओ जमवू लागतात. विद्यार्थ्याच्या घरी कोणते वाद्य आहे आणि त्याचा हात आधी कशावर बसला आहे, ही चौकशी मात्र राहून जाते. पुढच्या बऱ्याच अडचणी तेथूनच निघतात.

सोलापुरात पियानो शिकायला येणारे मूल भजनात किंवा गायनाच्या वर्गात हार्मोनियम वाजवून आलेले असू शकते. अशा मुलाला पार श्रीगणेशापासून शिकवणे ही चूक आहे आणि त्याला सगळे येते असे धरून चालणे ही त्याहून मोठी चूक आहे. त्याचा कान तयार असतो, उजवा हात चालता असतो. पण डावा हात आजवर भात्यावर राहिल्याने पट्ट्यांवर तो कोराच असतो. शिवाय हार्मोनियमचा आवाज भात्याच्या हवेवर कमीजास्त होतो, तर पियानोत पट्टी किती वेगाने दाबली जाते त्यानुसार हातोडी तारेवर आघात करते. मुलाचे वादन सपाट वाटत असेल तर नवी रचना देण्याऐवजी एकच स्वर हळू, मध्यम आणि मोठा असा वाजवून घ्यावा व काही आठवडे केवळ डाव्या हाताचे छोटे पाठ द्यावेत. स्टाफ नोटेशनमध्येही, म्हणजे पाच रेषांवर स्वर लिहिण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीतही, गफलत होते. गायकाचा सा काळी एक, काळी चार (सप्तकातली पहिली, चौथी काळी पट्टी) असा बदलतो, पण पाश्चात्त्य सी हा स्वर म्हणजे कायम पांढरी एक. हे पहिल्याच तासाला सांगितले नाही तर मूल प्रत्येक रचनेचा पहिला स्वर सा समजून वाजवते.

घरी 61 पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर सुरुवातीला तो पुरतो. मात्र त्यात टच रिस्पॉन्स (पट्टी दाबण्याच्या वेगानुसार आवाज कमीजास्त होण्याची सोय) नसेल तर हळू-मोठ्या स्वराचा वरचा सराव घरी व्यर्थ जातो. म्हणून पालकांनी खरेदी करण्यापूर्वीच त्यांच्याशी बोलावे आणि ऐपत असल्यास 88 वजनदार (खऱ्या पियानोसारख्या जड लागणाऱ्या) पट्ट्यांचा डिजिटल पियानो सुचवावा.

शिक्षकाकडे लाकडी पियानो असेल तर तो कूलरच्या झोतात कधीही ठेवू नये. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात साउंडबोर्डचे (तारांचा आवाज मोठा करणाऱ्या आतल्या फळीचे) लाकूड आकसते व सूर उतरतो, पावसाळी दमटपणात ते फुगते व सूर चढतो. कूलरची ओली हवा हाच खेळ रोज खेळते. भर मे महिन्यात ट्यूनिंग (तारांचे सूर जुळवणे) करून घेणे हा पैशांचा अपव्यय आहे, कारण पाऊस सुरू होताच सूर पुन्हा हलतो. पाऊस स्थिरावल्यावर एकदा आणि थंडीत एकदा ट्यूनर बोलवावा.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षेसाठी वर्षभर तेवढ्याच रचना घोटून घेतल्या तर मूल उत्तीर्ण होते, पण नवे पान समोर ठेवताच अडते. दर तासाला पाच मिनिटे सोप्या, अनोळखी ओळी वाचून घ्याव्यात. त्यासाठी आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या रचनांची स्वरलेखने विनामूल्य मिळतात. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे 1945 मध्ये निवर्तलेल्या हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या रचना येथे मुक्त आहेत, तरी एखाद्या नव्या संपादित आवृत्तीवर प्रकाशकाचा वेगळा हक्क असू शकतो. चालू परीक्षेच्या पुस्तकाच्या झेरॉक्स वाटणे मात्र सरळ टाळावे आणि पुस्तकाची किंमत प्रवेशाच्या वेळीच पालकांना सांगून ठेवावी.