शिष्यवृत्ती जिंकलात, पण ती तुमच्या खिशापर्यंत पोचणार का?

कॉलेजच्या पहिल्या वर्षी, नोव्हेंबरमध्ये मी फीचं खातं उघडलं तर दोन नोंदी एकाखाली एक होत्या. वरची : बाहेरची शिष्यवृत्ती, १,५०० डॉलर जमा. खालची : कॉलेजची ग्रँट (परत न करायची मदत), १,५०० डॉलर कमी. आम्ही भरायची रक्कम होती तिथेच होती. ज्या पैशांसाठी मी अख्खा उन्हाळा घाम गाळला, ते माझ्या नावावर आले आणि माझ्याच नावावरून गेले. त्या रात्री आईला फोन केला, पण हे सांगायची हिंमत झाली नाही. आज सांगते, कारण आपल्या घरांतल्या मुली अमेरिकेतल्या शिष्यवृत्ती देणाऱ्या स्पर्धांमध्ये आता बऱ्याच दिसतात आणि ही गोष्ट त्यांना आधी कुणीतरी सांगायला हवी.

माझं थोडक्यात सांगते. सहावीपर्यंत मी साताऱ्याला मराठी शाळेत होते. आत्याने बाबांसाठी केलेला अर्ज कितीतरी वर्षांनी मंजूर झाला आणि आम्ही ग्रीन कार्ड घेऊनच अलाबामात आलो. मी सोळाची असताना बाबांना नागरिकत्व मिळालं, अठराच्या आत असल्याने मलाही आपोआप मिळालं. अकरावी संपता संपता शाळेच्या समुपदेशक बाईंनी माझ्यापुढे डिस्टिंग्विश्ड यंग विमेन या मुलींच्या शिष्यवृत्ती-स्पर्धेचा, आमच्या काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) अर्ज ठेवला. प्रवेश फी नव्हती. मी भरून टाकला.

घरी पहिली प्रतिक्रिया, "सौंदर्यस्पर्धा?" आजीने तर फोनवर दोनदा विचारलं. तेव्हा हे स्पष्ट असू द्या. हा कार्यक्रम १९५८ मध्ये अलाबामातल्याच मोबील शहरात सुरू झाला, तेव्हा नाव अमेरिकाज ज्युनियर मिस. २०१० मध्ये ते बदललं. बारावीत जाणाऱ्या मुलींसाठी असतो, स्विमसूट नाही, मुकुट नाही, पदक मिळतं. मिस अमेरिका वेगळी. तिथे १९४५ पासून शिष्यवृत्ती आहे, नागरिकत्व लागतं, आणि ती साधारण कॉलेजच्या वयाच्या मुलींची स्पर्धा. आपल्याकडच्या आया नीना दावुलुरीचं उदाहरण देतात. २०१३ च्या सप्टेंबरात ती मिस अमेरिका झाली, भारतीय वंशाची पहिली, आणि टॅलेंट फेरीत तिने शास्त्रीय नृत्य आणि बॉलीवूड यांचा मेळ घातला होता. त्याच रात्री तिच्या रंगावरून, वंशावरून ट्विटरवर काय काय लिहिलं गेलं तेही मुलींना सांगा. ते लपवून मुलीला स्टेजवर पाठवू नका. तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर जास्त लागेल.

आता गुणांचं. शैक्षणिक गुणवत्ता २५ टक्के, मुलाखत २५, टॅलेंट २०, फिटनेस १५, सेल्फ-एक्स्प्रेशन १५. म्हणजे प्रेक्षक सभागृहात येऊन बसायच्या आधीच निम्मे गुण ठरलेले असतात. गुणपत्रक आणि टेस्ट स्कोअर बंद दाराआड तपासले जातात, मुलाखतही प्रेक्षकांसमोर नसते. तरी तयारी बघा : सगळा जीव पोशाखात आणि नाचात. माझाही तसाच होता. गुणपत्रकाचं त्या उन्हाळ्यात फारसं काही करता येत नाही, ते तुम्ही नववीपासून लिहीत आलेला असता. मुलाखतीचं मात्र खूप करता येतं, आणि तिथेच लोक पैसे देऊन शॉर्टकट घेतात.

तासावर पैसे घेऊन अशा स्पर्धांची तयारी करून घेणाऱ्या पेजंट कोचबद्दल माझं मत ठाम आहे : काउंटीच्या पातळीवर अजिबात नको. आमच्यातल्या दोघी एकाच कोचकडे जात होत्या. सरावाच्या दिवशी दोघींचं "मुलींचं शिक्षण" या विषयावरचं उत्तर एकाच वाक्याने सुरू झालं. त्या दोघी हुशार होत्या, त्यांचं स्वतःचं म्हणणं नक्की असणार. ते कुणी बाहेर येऊच दिलं नाही. माझं नशीब असं की शाळेतल्या निवृत्त डिबेटच्या बाईंनी मला आठवड्यातून एकदा लायब्ररीत बसवलं. त्यांनी एकही उत्तर लिहून दिलं नाही. मी बोलायला लागले की त्या मध्येच थांबवून विचारायच्या, "का?" पुढे बोलले की पुन्हा "का?" तिसऱ्या "का"ला पाठ केलेलं सगळं संपायचं आणि मग मी खरं बोलायला लागायचे. पहिल्या दोन आठवड्यांत मी घरी येऊन रडले आहे. पण प्रत्यक्ष मुलाखतीत एका परीक्षकाने विचारलं, "गेल्या वर्षभरात तुझं कुठलं मत बदललं?" आणि मी इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या वर्गाबद्दल बोलले. सातवीत मी त्या वर्गाच्या दारातून आत शिरताना कुणी बघत नाही ना ते पाहायचे. अकरावीत त्याच वर्गात शिकवायला गेले आणि दार उघडंच ठेवलं. हे उत्तर मी कधीच तयार केलं नव्हतं. मुलाखतीचं बक्षीस मला मिळालं, ते त्या "का"मुळे.

अशी एक व्यक्ती शोधा. शिक्षक, ग्रंथपाल, शेजारच्या काकू, कुणीही. अट एकच : ती तुमचं कौतुक करायला बसलेली नसावी.

टॅलेंटला ९० सेकंद मिळतात. मी कथक करते, आणि आपल्या शास्त्रीय नृत्यवाल्यांची इथे फार घुसमट होते, कारण ९० सेकंदांत आपला थाटसुद्धा पुरा होत नाही. मी गाणं कापत बसले, प्रत्येक वेळी काहीतरी तुटायचं. शेवटी गुरुताईंनी कागद घेऊन हिशोब मांडला. तीनतालाच्या सोळा मात्रा, लय मिनिटाला १६० मात्रा. म्हणजे एक आवर्तन सहा सेकंदांचं, ९० सेकंदांत पंधरा आवर्तनं. त्यांनी चौदाच धरली, ८४ सेकंद. उरलेले सहा सेकंद श्वासाला आणि नमस्काराला. मग त्या चौदा आवर्तनांत नवीन बांधलं : छोटी आमद, एक तुकडा, चक्करदार, आणि शेवटची तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) चौदावं आवर्तन संपवून थेट समेवर, म्हणजे पुढच्या पहिल्या मात्रेवर. कापलेलं काही नाही, सगळं त्या मापाचंच. सम पडली तेव्हा सभागृहातल्या कुणाला ताल कळला असेल असं नाही, पण काहीतरी पूर्ण झालं हे सगळ्यांना कळलं. मोठी रचना कापू नका. मापाची नवीन बांधा.

फिटनेस सगळ्या मुलींनी मिळून करायची बसवलेली कसरत असते. दम टिकवा, चेहरा शांत ठेवा, झालं. सेल्फ-एक्स्प्रेशनमध्ये चालणं, उभं राहणं आणि स्टेजवर छोटं बोलणं. पोशाखावर पैसा उधळू नका. माझे पोशाख, फोटो आणि पेट्रोल मिळून सुमारे ४०० डॉलर गेले आणि त्यातले निम्मे वाचले असते.

मी पहिली आले नाही. उपविजेती ठरले. ते आणि मुलाखतीचं बक्षीस मिळून १,५०० डॉलर.

आता तो सापळा. इथे मी सावकाश सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

पहिलं म्हणजे हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत. कॉलेजात नाव नोंदवल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि रक्कम थेट कॉलेजकडे जाते. तिथपर्यंत ठीक. पण तुम्ही फॅफ्सा (आर्थिक मदतीसाठीचा सरकारी अर्ज) भरून गरजेवर आधारित मदत घेत असाल, तर बाहेरून मिळालेली प्रत्येक शिष्यवृत्ती कॉलेजला कळवावीच लागते, आणि कॉलेज ती तुमच्या मदतीत मोजतं.

सोयीसाठी गोल आकडे घेते. वर्षाचा एकूण खर्च ५०,०००. फॅफ्सावरून तुमच्या घरचा निघालेला आकडा, ज्याला आता स्टुडंट एड इंडेक्स म्हणतात (२०२४-२५ च्या आधी ईएफसी), तो १४,०००. वजाबाकी केली की तुमची "गरज" ३६,०००. समजा कॉलेजने ती पूर्ण भागवली : ग्रँट ३०,०००, सरकारी सबसिडाइज्ड (शिकत असेपर्यंत व्याज नसलेलं) कर्ज ३,५००, वर्क-स्टडी (शिकता शिकता काम करून कमवायचे पैसे) २,५००. बेरीज बरोबर ३६,०००. आता तुम्ही बाहेरून १,५०० आणलेत. बेरीज झाली ३७,५००, गरजेपेक्षा जास्त. नियमाप्रमाणे कुठेतरी १,५०० कमी करावेच लागतात.

प्रश्न एवढाच : कुठून?

कर्जातून कमी केले तर तुमच्या डोक्यावरचं १,५०० चं कर्ज गेलं, म्हणजे शिष्यवृत्ती खरोखर मिळाली. वर्क-स्टडीतून केले तर आठवड्याचे काही तास अभ्यासाला मोकळे झाले, तेही मिळाल्यासारखंच. पण ग्रँटमधून कमी केले तर तुम्हाला काहीच मिळालं नाही. कॉलेजचे १,५०० वाचले. माझं हेच झालं.

मी कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या ऑफिसात गेले तेव्हा समोरच्या बाईंनी धोरणाचा कागद दाखवला. आधी कळवून विनंती केली असती तर कर्जातून वजा करता आलं असतं, असं त्या म्हणाल्या. माझी रक्कम ऑक्टोबरमध्ये परस्पर येऊन पडली होती, मी काहीच कळवलं नव्हतं, आणि त्या वर्षाचा हिशोब उघडायला त्या तयार नव्हत्या. तासभर भांडले. काही झालं नाही. याचा मला अजूनही राग येतो. सतरा वर्षांच्या मुलीला हे कुठून माहीत असणार? आणि माझ्या बाबांना, ज्यांनी फॅफ्सा हा शब्दच त्या वर्षी पहिल्यांदा ऐकला?

काही राज्यांनी याला लगाम घातला आहे. मेरीलँडने २०१७ मध्ये सर्वात आधी, पण तो कायदा सरकारी कॉलेजांपुरता. बहुतेक राज्यांत खासगी कॉलेजात गेलात तर कॉलेजचं स्वतःचं धोरण हेच तुमचं नशीब. ते आधी विचारा. प्रवेश नक्की करण्यापूर्वी, मदतीचं पत्र हातात आलं की लगेच, फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करा. फोन नको, उत्तर लेखी हवं. त्यात तीनच गोष्टी विचारा : बाहेरची शिष्यवृत्ती आली तर तुम्ही आधी काय कमी करता? ती कर्जातून किंवा वर्क-स्टडीतून वजा कराल का? आणि माझी गरज तुम्ही पूर्ण भागवलेली नसेल, तर ही रक्कम त्या उरलेल्या फटीत बसेल का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. फट पुरेशी असेल तर नियमाने काही कमी करायची गरजच पडत नाही.

काउंटीच्या आयोजकांनाही विचारा की रक्कम दोन वर्षांत विभागून किंवा पुढच्या वर्षी देता येते का. ते बहुतेक स्वयंसेवक असतात, भली माणसं असतात, आणि त्यांनाही या भानगडीची कल्पना नसते.

पैशांचं आणखी थोडं. "उपलब्ध" शिष्यवृत्तीच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. २०१४ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात मिस अमेरिकाच्या ४.५ कोटी डॉलरच्या दाव्याची अशीच चिरफाड झाली होती. एकाच मुलीला अनेक कॉलेजांनी देऊ केलेल्या रकमा त्यात धरल्या होत्या, आणि मुलगी तर एकाच कॉलेजात जाऊ शकते. आणि कर : ट्यूशन, अनिवार्य फी आणि लागणारी पुस्तकं यांवर खर्च केलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. राहण्या-जेवणावर गेलेला भाग उत्पन्नात धरतात.

एवढं सगळं वाचून जावं की नाही असं वाटत असेल, तर जा. मी पुन्हा गेले असते. साताऱ्याहून आलेली, वर्गात हात वर न करणारी मुलगी पाच अनोळखी लोकांसमोर बसून स्वतःबद्दल खरं बोलली, ती नंतर कॉलेजच्या प्रत्येक मुलाखतीत तशीच बोलली. फक्त पैशांच्या मागे आपण स्वतः जायचं असतं, ते आपल्या मागे येत नाहीत.

ओळखीच्या एका काकूंची मुलगी यंदा कॉलेजला निघाली. गेल्या उन्हाळ्यात तिच्या काउंटीत तिला ८०० डॉलर मिळाले होते. एप्रिलमध्ये मदतीचं पत्र आलं त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तो ईमेल लिहिला. तिसरा प्रश्न तिने स्वतः टाइप केला. चार दिवसांनी उत्तर आलं : रक्कम कर्जातून वजा करू. तिने ते छापून फायलीत लावलं, आणि काकूंनी त्याची एक प्रत फ्रिजवर चिकटवली.