लोडनुसार योग्य एमसीबी कसा निवडावा

एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून (बंद होऊन) वीज तोडणारा स्विच, निवडताना आपण आधी उपकरणाकडे पाहतो. खरे तर आधी वायरकडे पाहायला हवे, कारण एमसीबीचे मुख्य काम वायर तापू न देणे हे आहे. म्हणून लोडचा, म्हणजे जोडलेल्या उपकरणांचा, प्रवाह एमसीबीच्या रेटिंगहून (त्याच्या ठरलेल्या अँपिअरहून) जास्त नसावा आणि ते रेटिंग वायरच्या वहनक्षमतेहून जास्त नसावे, या दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात.

३००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. त्याला १० अँपिअरचा एमसीबी पुरणार नाही. १६ अँपिअरचा आणि सोबत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर योग्य ठरते. वायरची क्षमता मात्र ती भिंतीतून गेली आहे की उघड्यावरून, एकाच पाइपात किती वायरी आहेत आणि आजूबाजूला किती उष्णता आहे यांवर बदलते, त्यामुळे उत्पादकाचा तक्ता पाहावाच.

वारंवार पडणारा १६ अँपिअरचा एमसीबी काढून त्याच वायरवर ३२ चा बसवणे ही सर्वांत घातक चूक आहे. घरगुती एमसीबी रेटिंगच्या १.१३ पट प्रवाहावर तासभर तरी पडत नाही आणि १.४५ पट प्रवाहावर तासाभरात पडायलाच हवा, अशी त्याची रचना असते. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर प्रवाह निमूटपणे जाऊ देईल आणि तोवर भिंतीतल्या वायरचे इन्सुलेशन आतल्या आत करपत राहील. एमसीबी का पडतो हे आधी शोधावे. कधीकधी टर्मिनलचा सैल स्क्रूच तापत असतो.

त्यानंतर प्रकार ठरवावा. शॉर्टसर्किट झाल्यास बी प्रकार रेटिंगच्या ३ ते ५ पट, सी ५ ते १० पट, तर डी १० ते २० पट प्रवाहाच्या दरम्यान तत्काळ पडतो. गिझर, इस्त्री यांना बी पुरतो. पण चालताना ६ अँपिअर घेणारा पंप सुरू होताना ३५-४० अँपिअर ओढू शकतो. तिथे बी १० एमसीबी ३० ते ५० अँपिअरच्या दरम्यान पडणारा असल्यामुळे विनाकारण पडण्याची शक्यता असते, तर सी १० हा ५० अँपिअरपर्यंत दम धरतो. एसी आणि फ्रिज यांनाही सीच घ्यावा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी किंवा वेल्डिंग यंत्रासाठी डी असतो. तो घरात केवळ ‘पडत नाही’ म्हणून बसवू नये, कारण लांब वायरच्या टोकाला शॉर्टसर्किट झाल्यास त्याला तत्काळ पाडण्याइतका प्रवाहच कदाचित मिळणार नाही.

एमसीबीवर चौकटीत छापलेला ६००० किंवा १०००० हा आकडा त्याची शॉर्टसर्किटचा प्रवाह तोडण्याची क्षमता अँपिअरमध्ये सांगतो. ती त्या जागी संभवणाऱ्या प्रवाहाहून कमी नसावी. सौर पॅनेलच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाच्या) बाजूला घरगुती एसी, म्हणजे दिशा बदलणाऱ्या प्रवाहाचा, एमसीबी कधीच वापरू नये, कारण डीसी प्रवाह एसीसारखा वारंवार शून्यावर येत नसल्याने ठिणगी सहज विझत नाही. विजेच्या धक्क्यापासून माणसाला वाचवणे मात्र कोणत्याही एमसीबीच्या आवाक्यात नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच, वेगळा बसवावा लागतो.