मूल गप्प झालंय? आई-वडिलांनी या चुका टाळा

दहावीचा निकाल, नीटचा कट-ऑफ, एमपीएससीचा अजून एक अटेम्प्ट. आपल्याकडे मुलांच्या मनाचा विषय निघतो तो अशाच तारखांच्या आगेमागे, आणि 'टेन्शन घेऊ नकोस, होईल सगळं नीट' इथे मिटतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या 18व्या वर्षाआधीच सुरू झालेले असतात. म्हणजे मूल आपल्याच घरात, आपल्या पंगतीला बसून जेवत असताना.

सगळ्यात मोठी गफलत होते ती ओळखण्यात. नैराश्य म्हटलं की रडवेला चेहरा डोळ्यांपुढे येतो. या वयात ते पुष्कळदा चिडचिडीतून बाहेर पडतं: दार आपटणं, उलट बोलणं, धाकट्यावर डाफरणं. कधी नुसतंच डोकं किंवा पोट दुखत राहतं. आपण त्याला उद्धट नाहीतर आळशी ठरवतो आणि वर चार शब्द सुनावतो. वयाची चिडचिड येते-जाते, मित्र आले की पोरगं खुलतं. पण दोन आठवडे उलटले तरी झोप बिघडलेलीच आहे, जेवणाचं तंत्र सुटलंय, क्रिकेट किंवा ढोल-ताशा पथक असं जीव की प्राण असलेलं काहीही नकोसं झालंय, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका.

दुसरी चूक म्हणजे 'तुला कमी काय आहे?' हा प्रश्न. आई-बाप तो काळजीपोटीच विचारतात, पण पोराला त्यात क्लासच्या फीचा हिशेब ऐकू येतो. त्याला आधीच अपराधी वाटत असतं, आता तेही बोलायची सोय राहत नाही. 'आमच्या वेळी' आणि शेजारच्या हुशार मुलाचं उदाहरण, यांनीही तेच होतं. त्यापेक्षा जे दिसतंय तेवढंच बोला: 'बरेच दिवस रात्री जागाच असतोस. काय होतंय?' मग थांबा. पहिलं उत्तर 'काही नाही' हेच येणार, तेव्हा लगेच खोदू नका. समोर बसवून जबानी घेतल्यासारखं विचारण्यापेक्षा गाडीवरून जाताना, भाजी निवडताना मुलं जास्त बोलतात. बोलायला लागलीच, तर उपाय सुचवायची घाई नको. आणि ते ऐकलेलं मावशीला, आत्याला, फॅमिली ग्रुपवर सांगू नका. एकदा बात फुटली की ते मूल पुढे तुम्हाला काही सांगेल याची खात्री नाही.

मोबाईल हिसकावून घेणं हाही आवडता उपाय. किशोरवयात झोप मुळातच उशिरा येते आणि 8 ते 10 तासांची लागते, म्हणून रात्रीचा फोन आवरायलाच हवा. मात्र रात्री सगळ्यांचेच फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा, बाबांचासुद्धा.

पुण्यात सदाशिव पेठेत राहून अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्यांची गोष्ट वेगळी. घरून फोन येतो तो 'जेवलास का' आणि 'निकाल कधी' एवढाच. हळूहळू तो फोन उचलेनासा होतो, सणालाही गावी येत नाही, कारण पाहुणे 'पोस्ट निघाली का?' विचारणार. हा प्रश्न पाहुण्यांसमोर आई-वडिलांनीच अडवायला हवा. 'नाही झालं तर घरी ये, आपण दुसरं बघू' हे वाक्य निकालाच्या आधी सांगा. निकालानंतर ती नुसती समजूत वाटते.

आता सगळ्यात गंभीर चूक. 'मरणाचं विचारलं तर भलतंच डोक्यात येईल' या भीतीने घरं गप्प बसतात. थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'जीव नकोसा वाटतो का? मरणाचे विचार येतात का?' असं स्पष्ट विचारा. उत्तर 'हो' आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, त्याला एकटं सोडू नका. घरातली आणि शेतावरची फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली आपल्याकडे ठेवा. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. काही घडलंच तर पोलिसांच्या भीतीने वेळ घालवू नका, 108 ला फोन करा. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिला त्यासाठी शिक्षा होत नाही.

उपचार सुरू झाले तरी घाई संपत नाही. 'गोळ्यांची सवय लागेल' म्हणून आठवड्यातच त्या बंद केल्या जातात. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटू लागल्यावरही ती बरेच महिने चालू ठेवावी लागतात. 25 वर्षांखालच्या मुलांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढू शकतात. त्या काळात जवळ राहा, असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. मनाने डोस कमी-जास्त करू नका.

मूल डॉक्टरकडे यायलाच तयार नसेल तर? आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे न्या, झोपेच्या किंवा डोकेदुखीच्या निमित्ताने गेलं तरी चालतं. तेही नाही म्हणालं तर तुम्ही स्वतः 14416 वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो, घरी काय बोलायचं, कसं बोलायचं तेही विचारता येतं.