प्रोहिबिटेड की रिस्ट्रिक्टेड?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या सोसायटीने फाटकावर ‘पार्किंग रिस्ट्रिक्टेड’ अशी पाटी लावली. गाड्या लागतच राहिल्या, आणि चूक पाटीचीच होती.

इंग्रजी पाटी रंगवायच्या आधी वाक्य मराठीत म्हणून पाहा.

१. ‘मनाई’ चपखल बसली तर प्रोहिबिटेड. अजिबात नाही, विषय संपला.

२. ‘फक्त’ घालावंसं वाटलं (फक्त सभासदांना, फक्त रात्री १० पर्यंत) तर रिस्ट्रिक्टेड. मग ते ‘फक्त’ही पाटीवर लिहाच. नुसत्या रिस्ट्रिक्टेडवरून पाहुण्याला काय कळणार?

अर्जात वापरताना प्रोहिबिटनंतर ‘फ्रॉम’, रिस्ट्रिक्टनंतर बहुधा ‘टू’.

गुजरातेतल्या दारूबंदीला मात्र ही कसोटी लावू नका. नाव प्रोहिबिशन, तरी परमिटवाल्याला मिळतेच!